चार हातांचा विकेटकीपर

पडेगावच्या नाक्यावर माणसाचा वाढदिवस त्याच्या आधी विजेच्या खांबाला कळतो. शुक्रवारी संध्याकाळी सम्यक शेंद्र्याच्या कंपनीतून घरी येत होता. तिथं त्याला दिवसभर नटबोल्टांना पास-नापास करायचं काम होतं आणि त्याचा हात कडक होता. नाक्यावर त्याला नवीन फ्लेक्स दिसला. फ्लेक्सवर गॉगल घातलेला कृष्णा होता. कृष्णाच्या मागं एक प्रचंड स्टेडियम होतं. स्टेडियमात एक वाघ होता, कारण फ्लेक्सवाल्याकडं वाघ फुकट मिळतो. आणि वाघाच्या पायाशी लिहिलं होतं: 'सारजाबाई चषक विजेते, प्लॉटिंगसम्राट कृष्णाभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!'

सम्यकनं करकचून ब्रेक मारला. मागचा स्कूटरवाला ओरडला, "अबे, बारात निकली क्या तेरी? बीच में क्यों रुका?"

सम्यकनं ऐकलं नाही. तो 'विजेते' हा शब्द परत परत वाचत होता. बाकी सगळं त्याला मान्य होतं. प्लॉटिंगसम्राट मान्य, कोटी कोटी मान्य, वाघसुद्धा मान्य. पण विजेते?

सारजाबाई चषकाचा निकाल तर अजून लागलेलाच नव्हता. वीसेक वर्षं तो राखून ठेवलेला होता.

झालं होतं असं. सम्यक, कृष्णा आणि सायली चौथी-पाचवीत असताना आप्पासाहेबांच्या किराणा दुकानात बोटात घालायच्या पिवळ्या नळ्यांची पाकिटं यायची. दोन रुपयांना एक. नळ्या खाऊन जीभ हळदीसारखी व्हायची आणि पाकिटाच्या तळाशी एक प्लास्टिकचा क्रिकेटर निघायचा, बोटाच्या पेराएवढा. कोणी निळा, कोणी हिरवा, कोणी असा रंग की जो कोणत्याच देशाचा नव्हता. बॅट उगारलेला, धावत येणारा, झेल घ्यायला झेपावलेला. पाकीट घेण्याआधी ते बाहेरून चाचपायचं, कानाशी हलवायचं, उन्हात धरायचं. आप्पासाहेब म्हणायचे, "पाकीट हाय ते, टरबूज नाय. घ्यायचं तर घे, नायतर सरक." पोरं शेवटी जे हाताला लागेल ते घ्यायची आणि घरी जाऊन रडायची, कारण परत तोच बॉलर निघालेला असायचा.

सम्यकनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दहा खेळाडू जमवले. कृष्णानंही जमवले. गल्लीत कोणाकडंच अकरावा नव्हता, कारण विकेटकीपर निघतच नव्हता. कंपनीनं तो बनवलाच नाही असं कोणाला वाटलं नाही. सगळ्यांना वाटलं, तो आपल्याला देत नाहीत. मग बातमी आली की कीपर फक्त करमाडला निघतो. करमाड शहराच्या पार पलीकडं, जालना रोडला. कृष्णा वडिलांच्या मागं लागून, पोट दुखतंय असं सांगून, करमाडच्या वैद्याकडं गेला. तिथून काढा आणि दोन बॉलर घेऊन परत आला.

तोवर स्टंपामागं खोडरबर उभं करायचे.

खेळ सायलीच्या ओट्यावर चालायचा. शहाबादी फरशीचे सांधे म्हणजे बाउंड्री. वाळका वाटाणा म्हणजे चेंडू. बॉलिंगवाल्यानं वाटाण्याला टिचकी मारायची, बॅटिंगवाल्यानं आपला खेळाडू बोटांत धरून फटकवायचा. वाटाणा जमिनीला न लागता कोणा खेळाडूला थडकला की झेल. सायली अंपायर होती, कारण तिच्याकडं मनगटी घड्याळ होतं आणि राग होता. तिचे वडील तात्यासाहेब कोर्टात कारकून होते, त्यामुळं तिची भाषाही थोडी तशी होती. वाद झाला की ती म्हणायची, "दोन्ही बाजू मांडा." गल्लीतली पोरं हे क्रिकेटचेच शब्द समजत.

बक्षीस म्हणून कृष्णानं घरातून एक स्टीलची वाटी आणली होती. वाटीवर, जसं सगळ्याच भांड्यांवर असतं, तसं नाव कोरलेलं होतं: 'सौ. सारजाबाई.' सारजाबाई ही कृष्णाची आजी. म्हणून सारजाबाई चषक. स्वतः सारजाबाईंना याची कल्पना नव्हती. त्या दोन दिवस वाटी शोधत होत्या आणि शेजारणीवर संशय घेत होत्या.

आता कीपरचं. सम्यकचा मामा, कडुबा मामा, वेरूळला लेण्यांच्या वाटेवर मूर्ती करून विकायचा. प्लास्टरचे हत्ती, छोटा कैलास, बुद्धमूर्ती, आणि चार-सहा-आठ हातांच्या देवदेवता. बुद्धमूर्ती तो घरच्या श्रद्धेनं करी, बाकीच्या गिऱ्हाइकाच्या श्रद्धेनं. दोन्हींना रंग सारखाच चांगला देई. मामाचं बोलणं मोठं होतं. कैलास लेणं कोणी कोरलं असं पर्यटकानं विचारलं की म्हणे, "आमच्याच लोकांनी." आमच्या म्हणजे कोणाच्या, तर "वेरूळच्या." आणि मग घाईघाईनं, "मी तवा नव्हतो."

उन्हाळ्याच्या सुट्टीत सम्यकनं मामाला कीपर मागितला.

"कसा असतोय तो?" मामानं विचारलं. मामानं आयुष्यात क्रिकेट बघितलं नव्हतं. टीव्हीवर लागलं की तो उठून पाणी प्यायला जायचा.

"वाकलेला असतो. पायाला जाड जाड बांधलेलं असतं."

"आन् काम काय त्याचं?"

"सगळीकडचं अडवतो. वरून आलं, खालून आलं, कुठून पण. आणि सारखा ओरडत असतो, हात वर करून."

"लई काम हाय की," मामा म्हणाला आणि प्लास्टर कालवायला बसला. साचा नव्हता. त्यानं तो हातानंच घडवला, कोरणीनं नाक-डोळे काढले, रंगवला.

रविवारी मामा तो घेऊन पडेगावला आला. कीपर गुडघ्यांत वाकलेला होता. पायांना उशा बांधल्यासारखे पॅड होते. तोंड उघडं होतं. आणि त्याला चार हात होते. दोन हात आभाळाकडं उचललेले, दोन खाली गुडघ्यांपाशी, ओंजळीसारखे खोलगट.

सम्यकनं तो दोन्ही हातांत घेतला आणि छातीशी धरला. दोन हात जास्त आहेत हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याला वाटलं, म्हणून तर हा पाकिटात निघत नव्हता. पाकिटात मावलाच नसता.

त्याच दिवशी फायनल होती. मामा चहाचा कप घेऊन ओट्याच्या कडेला बसला. शेवटचा चेंडू उरला होता, कृष्णाची बॅटिंग, जिंकायला एक रन हवी. सम्यकनं टिचकी मारली. वाटाणा कृष्णाच्या बॅटला निसटता लागला, मागं उडाला आणि कीपरच्या खालच्या डाव्या हातात जाऊन बसला. थडकला नाही. बसला. ओंजळीत मोदक ठेवावा तसा. पडेगावच्या इतिहासात असा खराखुरा झेल आधी कधी झाला नव्हता, कारण प्लास्टिकच्या कोणत्याच खेळाडूची मूठ उघडी नव्हती.

"आउट!" सम्यक किंचाळला.

"कसला आउट?" कृष्णा उठलाच. "चार हात हायेत त्याला! कीपर हाय का खेकडा? अबे, बघा रे सम्याचा कीपर! ह्याच्या मामाला हात मोजता येत नाय!"

गल्ली हसली. अशी हसली की समोरच्या ओट्यावरच्या बाया पण हसल्या, कशाला ते न कळता. मामाही हसला. चहा अर्धा ठेवून उठला, "जीप निघंल माझी," म्हणाला आणि गेला. जीपला अजून वेळ होता.

सगळे सायलीकडं बघायला लागले. सायलीनं घड्याळ बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि तात्यासाहेबांचा आवाज काढून म्हणाली, "निकाल राखून ठेवण्यात येत आहे."

हा शब्द इतका भारी वाटला की कोणी पुढं काही विचारलं नाही. त्याच आठवड्यात तात्यासाहेबांनी सिडकोत घर घेतलं आणि अंपायर निकालासकट सिडकोला गेली. वाटी कृष्णाच्या घरी परत गेली, कारण सारजाबाईंनी ती ओट्यावर ओळखली. सम्यकनं कीपरच्या हातातला वाटाणा तसाच ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली आणि बाबांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवलं. पुरावा होता तो. आई दर दिवाळीला म्हणायची, "त्या वाटाण्यात किडे होतील." सम्यक दर दिवाळीला डबा उघडून दाखवायचा. किडे नव्हते. पुराव्याला किडे लागत नाहीत, असं त्याचं मत होतं.

तर, फ्लेक्स. सम्यक शुक्रवारी नुसता चिडला होता. रविवारी गोष्ट वेगळी झाली. रविवारी सकाळी कडुबा मामा काळ्या-पिवळ्या जीपनं वेरूळहून आला. वाट पडेगावच्या नाक्यावरूनच. मामानं उतरतानाच फ्लेक्स वाचला होता. घरात येऊन त्यानं टोपी काढली, पाणी प्यायला आणि तांब्या खाली ठेवला.

"करुणे," तो सम्यकच्या आईला म्हणाला, "ते प्लॉटवालं पोरगं जिंकलं म्हणं तवाच. आपल्याला कोणी सांगितलं नाय."

"काय जिंकलं दादा?"

"ते वाटीचं." मग सम्यककडं न बघता, "माझ्या त्या बाहुल्यामुळं हरला ह्यो."

"मामा, कोणी नाही हरलं. निकाल राखून ठेवलाय."

"आरं, बोर्ड लागला नं चौकात! वाघ बी हाय त्याच्यावर."

वाघ असल्यावर मामाच्या दृष्टीनं विषय संपला होता. तो जेवला, नेहमीसारखं "मीठ बरोबर हाय" म्हणाला आणि आडवा झाला. आईनं सम्यकला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला माहीत नाही. त्या दिवसापासून दादानं साच्याबाहेरचं काही केलं नाही. हत्ती, हत्ती आणि हत्ती. आधी मनानं घडवायचा. माझ्या लग्नात त्यानं अख्खी वरात केली होती प्लास्टरची, बँडवाल्यांचे गाल फुगलेले. आता कोणी सांगितलं काही वेगळं करा, तर म्हणतो, आपल्याला हात मोजता येत नाहीत."

सम्यकला आयुष्यात मोजक्या गोष्टींचा अभिमान होता. त्यात तो पत्र्याचा डबा फार वरच्या नंबरावर होता. तो डबा त्यानं खुर्चीवर चढून माळ्यावरून काढला आणि बगलेत मारून थेट कृष्णाच्या ऑफिसात गेला.

कृष्णाच्या टेबलावर काचेखाली नकाशे होते आणि काचेवर मखमली पेटीत ती वाटी होती. गिऱ्हाइकं आली की वाटी बघायची आणि विचारायची, सारजाबाई म्हणजे कुठल्या? कृष्णा म्हणायचा, "मोठी स्पर्धा होती." यावर पुढं कोणी विचारायचं नाही. दोन प्लॉट त्या वाटीवरच खपले होते.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," सम्यक म्हणाला. "फ्लेक्स उतरव."

"क्या हुआ भाऊ? वाघ नाय आवडला?"

"विजेता कोण ते ठरलेलं नाही."

"चषक कोणाकडं हाय?" कृष्णानं पेटी थोपटली.

"तुझ्या आजीची वाटी आहे ती! तुझ्या घरी नाही तर काय माझ्या घरी असणार?"

कृष्णानं यावर विचार केला. त्याला हे सुचलेलं नव्हतं. "तरी पण," तो म्हणाला, "चार हात होते."

"चल सायलीकडं."

"चल. मी काय भेतो का? मेरे पास भी मुद्दे है."

सायली आता दातांची डॉक्टर होती. जालना रोडला तिचा दवाखाना होता. रविवारी बंद असतो, पण सम्यकनं फोनवर "एक जुनं प्रकरण आहे" एवढंच सांगितल्यावर ती म्हणाली, "कीपर?" आणि मग, "संध्याकाळी आणा. मूळ पुरावा आणा, फोटो चालणार नाही."

मामाला न्यायचं म्हणजे मोठं काम होतं. खेळाच्या नावानं तो आला नसता. म्हणून सम्यक म्हणाला, "मामा, तुमची ती दाढ दुखते ना, डॉक्टर ओळखीची आहे." मामा म्हणाला, "दुखत नाय. ठणकते." आणि चपला घालून तयार झाला.

दवाखान्यात सायलीनं पांढरा कोट घातलेला होता. तिचं मनगटी घड्याळ तेच नव्हतं, पण आठ्या त्याच होत्या. मामाला तिनं भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. कृष्णा मखमली पेटी मांडीवर घेऊन बसला. सम्यकनं बनियनचा तुकडा सोडला आणि कीपरला पेशंटच्या खुर्चीवर मधोमध ठेवलं. सायलीनं खुर्ची मागं झुकवली, वरचा दिवा लावला आणि सवयीनं म्हणाली, "तोंड उघडा." तोंड उघडंच होतं. तिला पेशंट आवडला.

मामानं त्याला ओळखलं. टोपी हातात घेतली, दाराकडं बघितलं. "सम्या," तो हळूच म्हणाला, "दाढेचं म्हणाला होतास."

"दाढ पण बघणार आहे, मामा. बसा जरा."

सायलीनं चिमट्यानं पिवळी पडलेली चिकटपट्टी हळूहळू सोडवली. दात बघायचा छोटा आरसा कीपरच्या खालच्या डाव्या हातापाशी नेला. आत वाटाणा होता. सुरकुतलेला, पण जागचा हललेला नव्हता. तिनं सुईनं त्याला जरा टोचून बघितलं. "घट्ट आहे," ती म्हणाली. "किडलेला नाही. दोन्ही बाजू मांडा."

कृष्णा उभा राहिला, गॉगल काढून खिशात ठेवला. "माणसाला हात दोन. हे मान्य?"

"पुढं बोल."

"मंग पहिले दोन हात खरे. वरचे. खालचे दोन जादा. जादा हात म्हणजे काय, तर मैदानावर ठेवलेलं हेल्मेट. कीपरच्या मागं ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर कॅच नसतो. उलट बॅटिंगवाल्याला पाच रना मिळतात. म्हणजे मला एक पायजे होती, मिळाल्या पाच. मी जिंकून चार उरल्या."

त्यानं चार बोटं दाखवली आणि बसला. मुद्दा चांगला होता.

"त्याच्याआधी आपला कीपर खोडरबर होतं," सम्यक म्हणाला. "खोडरबराला हातच नव्हते. तेव्हा तू हरकत घेतली नाहीस. म्हणजे आपल्या खेळात हात मोजायची पद्धतच नव्हती."

"शून्य चालतं ना भाऊ! शून्य दोनापेक्षा कमी हाय. कमी चालतं, जास्त नाय. मोटरसायकलवर एकटा चालतो, चौघं चालत नाय."

"पडेगावात चालतात," सायली म्हणाली.

"ते वेगळं."

सायलीनं आरसा खाली ठेवला. दिव्याखाली कीपर चारही हात पसरून पडला होता आणि एखाद्याची दाढ काढताना जसा आवाज निघतो तसा आवाज काढण्याच्या बेतात दिसत होता. ती बराच वेळ बघत राहिली. सम्यकला भीती वाटली की ती परत निकाल राखून ठेवते की काय. तिच्या मनात ते आलंही असावं, कारण तिनं घड्याळ बघितलं.

मग ती म्हणाली, "वरचे खरे की खालचे खरे, हे तुम्ही दोघं कसं ठरवता? घडवलाय कोणी?"

तेव्हा सम्यकच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, फक्त ज्यानं केला त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. सम्यकनंही नाही. त्याला वाटायचं, विचारलं तर मामाला वाईट वाटेल.

"मामा," सायली म्हणाली, "या बरं इकडं."

"मला तुमचा खेळ कळत नाय बाई."

"खेळाचं नाही विचारत. हातांचं विचारते. चार का?"

मामा उठला. खुर्चीपाशी आला. आधी बोट लावू की नको असं केलं, मग कीपरला उचलून तळहातावर घेतलं आणि त्याच्या पाठीवरचा रंग अंगठ्यानं पुसून बघितला. "रंग टिकला," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याचा आवाज जरा वर आला, वेरूळला गिऱ्हाईक थांबल्यावर यायचा तसा.

"हे बघा. मूर्तीत रिकामा हात नसतो. आमच्याकडं लेण्यात जा, आठ हात असू द्या नायतर दहा, परतेक हाताला काम नेमून दिलेलं हाय. एकानं धरलेलं असतं, एकानं उगारलेलं असतं, एकानं 'भिऊ नको' म्हणलेलं असतं. उगंच लोंबता हात कोणी कोरला नाय. आता ह्या पोरानं मला कामं सांगितली दोन. एक, सगळीकडचं अडवायचं. दोन, सारखं ओरडायचं, हात वर करून. म्हणाला होतास का नाय?"

"म्हणालो होतो," सम्यक म्हणाला.

"मंग? अडवायचे हातच वर करून ओरडत बसला, तर खालून आलेलं अडवायचं कोणी? म्हणून अडवायला हे दोन खालचे, खोलगट केलेत, बघा. आन् हे वरचे दोन ओरडायचे. त्यांनी काय धरायचं नाय. धरता येणारच नाय, बोटं ताठ हायेत त्यांची." मामानं कृष्णाकडं बघितलं. "एक दाणा धरायला चार हात लावतो का कोणी? मी काय येडा हाय का?"

दवाखान्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्रेसर घरघरत होता. तोही बंद पडला.

"म्हणजे झेल घ्यायचे हात दोनच," सायली सावकाश म्हणाली. "आणि वाटाणा त्यातल्याच एकात आहे."

"हौ," मामा म्हणाला. "जिथं यायला पायजे तिथंच आलाय."

कृष्णा एकदम उभा राहिला. "एक मिनिट! मग हा कॅच घ्यायच्या आधीपासूनच अपील करत होता! वेरूळहून निघाला तवापासून हात वर!"

"हरकत नाही," सायली म्हणाली. "उशिरा केलेलं अपील चालत नाही. लवकर केलेलं चालतं."

असा नियम कुठं आहे, हे कोणी विचारलं नाही. ती अंपायर होती. तिनं रबरी मोजा घातलेला उजवा हात दिव्याच्या उजेडात वर नेला, एक बोट ताठ केलं आणि तात्यासाहेबांचा नाही, स्वतःचा आवाज काढून म्हणाली, "बाद."

सम्यकला उडी मारायची होती. पण त्यानं मामाकडं बघितलं आणि उडी आतल्या आतच राहिली. मामा हसत नव्हता. मामा कीपरला उजेडात फिरवून फिरवून बघत होता, कैलासासमोर उभे राहून लोक बघतात तसा, आणि मान हलवत होता. "नाक जरा बसकं झालंय," तो म्हणाला. "बाकी तोड नाय."

कृष्णा माणूस वाईट नव्हता. तो मखमली पेटी उघडून मामासमोर आला. "जयभीम मामा. ही घ्या. तुमचाच चषक."

मामानं वाटी घेतली, नाव वाचलं. "सारजाबाईंची वाटी मी कशाला नेऊ? भांड्यावर नाव हाय त्यांचं. घरी गेल्यावर बायको विचारंल, ह्या कोण?"

"मग पाच मिनिटं धरा. मग मला द्या."

मामानं पाच मिनिटं धरली. सायलीनं तेवढ्यात त्याची दाढ बघितली. दाढ खरोखरच किडलेली निघाली आणि तिला बुधवारी बोलावण्यात आलं.

कृष्णानं तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "सोमनाथ, वो बोर्ड है ना आपला... 'विजेते'च्या आधी 'उप' चिकटव. उप, उप. नाय नाय, वाघ राहू दे. वाघानं काय केलंय?"

परतताना अजून उजेड होता. सम्यकची मोटरसायकल, मागं मामा, मामाच्या मांडीवर पत्र्याचा डबा. नाक्यावर पोचले तर सोमनाथ शिडीवरून उतरतच होता. 'उप' वेगळ्या लाल रंगात, जरा तिरपं लागलं होतं. वाघ तेवढाच मोठा होता.

"थांब," मामा म्हणाला.

तो उतरला, खांबाखाली उभा राहिला, टोपी सरळ केली. मग डब्यातून कीपर काढून छातीशी धरला. "काढ फोटो. वाघ येऊ दे त्याच्यात."

सम्यकनं फोटो काढला. मागून एक रिक्षावाला ओरडला, "चाचा, साइड में!" मामा म्हणाला, "थांब जरा, कीपर हाय." आणि आणखी एक काढायला लावला.

सम्यकनं तो फोटो तिथंच उभ्या उभ्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझे मामा.' नटबोल्टांच्या ग्रुपवर असं कधी कोणी काही टाकलं नव्हतं. लगेच कोणीतरी विचारलं, चार हात कसे काय? सम्यकनं लिहिलं, 'काम लई होतं.'

दोघं परत गाडीवर बसले. आप्पासाहेबांचं दुकान मागं पडलं, जुन्या ओट्याची जागा मागं पडली. आता तिथं पार्किंग होतं. मग मामानं सम्यकच्या खांद्यावरून डोकं पुढं काढलं.

"ते पांढऱ्या कोटातलं. सायली. खेळात काय म्हणतात त्याला?"

"अंपायर."

"आन् त्याचं काम काय?"

"उभं राहायचं. सगळे सगळीकडून ओरडतात, ते ऐकायचं. मग ठरवायचं."

मामानं पुढचा खड्डा येईपर्यंत विचार केला.

"प्लास्टर हाय घरी," तो म्हणाला. "पण ह्याला कान चार लागतील."